जुन्या होडीची पारख

जुनी होडी पाहायची ती ओहोटीला. भरतीच्या पाण्यावर डुलणारी होडी बहुधा चांगलीच दिसते. पाणी उतरून ती चिखलावर बसली, की तिचा तळ, मागची फळी, मशीनचा पाय आणि पंखा उघडे पडतात. ठाण्याच्या चेंदणी, विटावा, बाळकूम, कोलशेत या भागांत, तसेच उल्हासच्या काठाने मुंब्रा, डोंबिवलीचे मोठागाव आणि कल्याणच्या रेतीबंदरापर्यंत खाडीवर काम करणाऱ्यांचा हा पहिला धडा आहे. त्यासाठी दिवसही निवडावा लागतो. भांगाच्या दिवसांत पाणी पुरते उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते खूप चढते आणि तितकेच खाली जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळी सहा-सातच्या सुमारास येते. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर होतो. म्हणजे उधाणाच्या सकाळी तळही दिसतो आणि रात्रभर बंद असलेले मशीन थंड सापडते. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पुढे येईल.

या पाण्यावरची होडी आता बहुतेक फायबरची असते. वीस-पंचवीस फुटांची, उथळ तळाची, मागे ओबीएम, म्हणजे बाहेरून अडकवायचे मशीन. काही होड्या प्लायवूडवर फायबरची जाळी आणि रेझीन चढवलेल्या असतात. निखळ लाकडी होडी कमी उरली आहे. कल्याणच्या खाडीला लाकडी जहाजबांधणीचा मोठा वारसा आहे: १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी दुर्गाडीच्या परिसरात जहाजबांधणी सुरू केली आणि मराठा आरमाराचा पाया येथे घातला गेला. त्या काळापासून अगदी परवापर्यंत होडी पारखणे म्हणजे लाकूड पारखणे होते. पठाण, म्हणजे तळाचा कणा, सरळ आहे का, फळ्यांच्या फटींतले भरण सुटले आहे का, समुद्रकिड्याने लाकूड पोखरले आहे का, हे टोचून, ठोकून पाहिले जाई. लाकूड आपला आजार बाहेर दाखवते. ते काळे पडते, फुगते, नखाखाली दबते. फायबर तसे नाही. वरचा थर चकचकीत राहतो आणि आतले प्लायवूड पाणी पिऊन कुजत जाते. रंगाचा एक हात दिला, की दहा वर्षांची होडी दोन वर्षांची दिसते. म्हणून फायबर आल्यावर पारख सोपी झाली, हा समज चुकीचा आहे; ती अवघड झाली.

अमेरिकेत या जातीची होडी टोकाला नेलेली दिसते. तिथली ‘बास बोट’ गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी, गळाने खेळण्याच्या स्पर्धांसाठी बनते. १९४८ मध्ये लुइझियानातील श्रीव्हपोर्टच्या होम्स थर्मन यांनी ‘स्कीटर’ ही अशी पहिली होडी बनवली. १९६८ मध्ये आर्कान्साच्या फ्लिपिन गावी फॉरेस्ट वूड यांनी ‘रेंजर’चा कारखाना सुरू केला. आजची वेगवान बास बोट अठरा ते एकवीस फुटांची असते. पुढे उभे राहून गळ टाकायला सपाट डेक, मासा जिवंत ठेवायची टाकी, टोकाला आवाज न करणारी विजेवरची छोटी मोटर आणि मागे दीडशे ते अडीचशे एचपीचे मशीन. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. ठाण्याच्या खाडीतला जिताडा इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणूनच ओळखला जातो, पण त्याच्यामागे इतक्या वेगाने कोणी धावत नाही. तो जाळ्याने आणि गळाने, पाण्याची वेळ ओळखून मिळतो. तरीही जुनी बास बोट घेणारा अमेरिकन आणि जुनी फायबर घेणारा कोळी यांना फसवणाऱ्या जागा एकच आहेत: पाणी प्यालेला तळ, सैल झालेली मागची फळी आणि आतून झिजलेले मशीन. फरक इतकाच, की शंभरच्या वेगात ती चूक जिवावर बेतते आणि खाडीत ती बहुतेक वेळा खिशावर बेतते. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे.

पाहणीचा पहिला प्रश्न होडीच्या वयाचा नाही, तिच्या कामाचा आहे. सहा वर्षे जाळी टाकणारी, दोन माणसांची होडी आणि सहा वर्षे रेतीच्या पाट्या वाहिलेली होडी यांचे कागदावरचे वय सारखे असले, तरी अंग सारखे नसते. हातपाटी आणि डुबीच्या रेतीच्या कामात होडी काठोकाठ भरते, ओली रेती आतल्या थराला पॉलिश पेपरसारखी घासते आणि भाराने तळाचे उभे दांडे वाकतात. अशा होडीच्या आतल्या तळाला फायबरची जाळी उघडी पडलेली दिसते. जाळ्याच्या होडीत झीज वेगळीच असते: जाळे ओढतात त्या बाजूचा काठ गुळगुळीत, दोरी घासल्याच्या खाचा, बाकी तळ ठीक. लोकांची ने-आण करणाऱ्या होडीची झीज उतरण्याच्या जागी, धक्क्याला आपटणाऱ्या कडेवर असते. मालक सांगतो ते काम आणि अंगावरची झीज जुळली, तर पुढे बोलावे. ‘फक्त हौसेने फिरवली’ असे सांगितले आणि तळाला रेतीच्या खुणा निघाल्या, तर बाकी सांगितलेलेही तपासूनच घ्यावे लागते.

तळ पाहताना डोळ्यापेक्षा कान आणि हात कामाचे. मिस्त्री लाकडी मुठीने किंवा हातोडीच्या दांड्याने तळावर ओळीने ठोकत जातो. घट्ट फायबर खणखणीत वाजते; जिथे थर सुटले किंवा आतले प्लायवूड भिजले, तिथे आवाज बसका येतो. त्या जागेवर खडूने खूण करायची आणि भोवती ठोकत हद्द काढायची. तळहाताएवढी जागा दुरुस्त होते. बसका आवाज दोन-तीन हातभर पसरत गेला, तर दुरुस्ती म्हणजे तळ कापणे, आणि त्या खर्चात गणित उलटते. कोळिष्टकासारख्या बारीक चिरा सगळ्यांत फसव्या. वरच्या गुळगुळीत थरातच असतील, तर त्या वयाच्या. पण एका खिळ्याभोवती, एका कोपऱ्याभोवती किंवा बाकाच्या टेकूपासून पंख्यासारख्या पसरल्या असतील, तर तिथे अंग वाकते आहे. नखाने कुरतडून पाहिले, की चीर किती खोल आहे ते कळते.

पाणी प्यालेली होडी ओळखण्याची एक साधी, कोणतेही यंत्र न लागणारी रीत आहे. तरंगणाऱ्या होडीच्या अंगावर पाण्याची जुनी रेघ असते: शेवाळ आणि खाडीचा काळपट डाग जिथे थांबतो ती. रिकामी होडी भरतीला तरंगत असताना पाणी त्या रेघेच्या किती वर येते ते पाहावे. चार बोटे वर आले आणि आत काही सामान नसेल, तर ते वजन होडीच्या अंगात आहे. बास बोटीत तरंगण्यासाठी भरलेला फोम असतो आणि तो वर्षानुवर्षे पाणी शोषून शेकडो किलो वजन लपवू शकतो. त्यामुळे तिथेही होडी काट्यावर तोलून पाहतात. आपल्याकडे काटा नसला, तरी ही रेघ असते. मात्र नव्या रंगाने ती पुसली जाते. म्हणून विक्रीच्या आठवड्यात रंगवलेली होडी घेऊच नये असे नाही, पण तिचा भाव रंग काढून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

मागची फळी ही सगळ्या पाहणीची गुरुकिल्ली. मशीनचे वजन, त्याचा रेटा आणि लाटेवरचा धक्का हे सगळे तिच्यावर येते. चाळीस एचपीचे जुने टू-स्ट्रोक मशीन सत्तर किलोच्या वर असते. बास बोटीवरचे मोठे व्ही-सिक्स मशीन दोनशे किलोच्या पुढे जाते. फळी म्हणजे दोन बाजूंनी फायबर आणि मधे प्लायवूड. मशीन पक्के करण्यासाठी तिच्यात आरपार भोके पाडतात आणि नेमके तिथूनच पाणी शिरते. बोल्टच्या भोवती मसाला नीट भरला नसेल, तर वर्षभरात कूज सुरू होते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. तपासणीची रीत अशी: मशीन वर उचलून अडकवायचे, त्याच्या पायाच्या टोकाला धरून वर-खाली जोर द्यायचा आणि दुसऱ्या माणसाने फळीच्या वरच्या कडेवर डोळा ठेवायचा. मशीन आणि होडी एकजीव हलली पाहिजेत. फळी होडीपासून वेगळी वाकताना दिसली, बोल्टच्या वॉशरखालून पाण्याचा थेंब बाहेर आला, किंवा वॉशर फायबरमध्ये रुतलेले असले, तर मधले लाकूड गेले. फळी आणि बाजूच्या भिंती मिळतात त्या दोन कोपऱ्यांत उभी चीर असली, तरी अर्थ तोच. मालक परवानगी देत असेल, तर खालचा एक बोल्ट काढून भोकात बारीक खिळा फिरवावा. बाहेर कोरडा पिवळा भुसा आला, तर फळी जिवंत आहे. काळा, ओला, कुबट वासाचा लगदा आला, तर नवी फळी टाकण्याचा खर्च आत्ताच भावातून वजा करायचा. बोल्ट काढू न देणाऱ्या मालकाला वाईट म्हणू नये, पण ती फळी कुजकीच आहे असे धरून बोलावे.

या बाबतीत कामातली माणसे हळवी असतात, आणि त्याला कारण आहे. फळी फाटून मशीन पाण्यात गेले, की होडीचा मागचा भाग उघडा पडतो आणि भरतीच्या ओढीत, कशेळीच्या किंवा कळव्याच्या पुलाच्या खांबांजवळ, दोन माणसांच्या हातात एक वल्हे उरते. चिखलात गेलेले मशीन मिळाले तरी कामाचे राहत नाही.

आता मशीन. पहिली गोष्ट, झाकण काढून सिलिंडरवर हात ठेवणे. गरम असेल, तर ते आधी चालू करून ठेवलेले आहे; थंड असताना ते किती दोऱ्या मारल्यावर उठते, हे आपल्याला कळू दिलेले नाही. अशा वेळी शांतपणे दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. थंड मशीन दोन-चार दोऱ्यांत सुरू झाले आणि बारीक रेसवर टिकले, तर अर्धी परीक्षा झाली. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजवर घ्यावे. आकडा मशीनप्रमाणे बदलतो. महत्त्व दोन सिलिंडरमधल्या फरकाचे. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला, तर एक पिस्टन किंवा त्याच्या रिंगा संपत आल्या. टू-स्ट्रोक मशीनमध्ये ऑईल पेट्रोलमध्येच मिसळतात आणि मिश्रण एकदा जरी कमी पडले, तरी सिलिंडरला ओरखडे उठतात. प्लगचा रंगही बोलतो: दोन्ही प्लग फिकट तपकिरी असावेत. एक काळा-ओला आणि दुसरा पांढरट असेल, तर गाठ कार्ब्युरेटरशी किंवा त्याहून खोल आजाराशी आहे.

मशीन चालू असताना मागून पाण्याची एक धार पडते. ती बोटभर जाडीची, सरळ आणि कोमट असावी. मशीन थंड ठेवणारे पाणी खालून रबरी इम्पेलर ओढतो, आणि ठाण्याच्या खाडीत त्याचे आयुष्य कमी. हे पाणी गढूळ आहे. बारीक गाळ इम्पेलरची पाती घासून टाकतो आणि पाणी घेण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली, की दोन मिनिटांत मशीन तापते. एकदा चांगलेच तापलेले मशीन ओळखता येते: हेडवरचा रंग करपलेला, पोपडे आलेला, हेडच्या सांध्यावर मिठाचे पांढरे पापुद्रे. खाडीचे पाणी खारट तर आहेच. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातले आणि डोंबिवलीकडचे कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात येत आले आहे. म्हणून मशीनच्या पायावरचा जस्ताचा तुकडा पाहावा. तो स्वतः झिजून ॲल्युमिनियम वाचवण्यासाठीच असतो. अर्धा झिजलेला तुकडा हे चांगले लक्षण. तो पार संपला असेल, किंवा कोणी हौसेने त्यावर रंग मारला असेल, तर पायाला खड्डे पडले आहेत का ते रंग खरवडून पाहावे.

खालच्या गिअरचे तेल तपासल्याशिवाय कोणतेही मशीन घेऊ नये. खालचा स्क्रू किंचित ढिला करून पहिला थेंब बोटावर घ्यायचा. तेल स्वच्छ किंवा नुसते काळपट असले तर ठीक. दुधाच्या चहासारखे झाले असेल, तर आत पाणी आहे; चमकणारी कणी असली, तर दाते गेले. इथल्या होड्यांत पाणी शिरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण जाळ्याचा नायलॉनचा धागा. तो पंख्यामागे दांड्याला गुंडाळतो, आतल्या रबरी सीलला दोऱ्याच्या करवतीसारखा कापतो आणि त्या फटीतून खाडी गिअरमध्ये जाते. म्हणून पंखा काढून दांडा पाहायचाच. त्यासाठी एक पिन आणि एक नट काढावा लागतो, पाच मिनिटांचे काम. पंख्याच्या कडा गाळाने झिजून सुरीसारख्या पातळ आणि चकचकीत झालेल्या असतात, ते चालते. वाकलेली पात आणि तुटलेले पायाचे टोक मात्र सांगते, की कुठेतरी दगडावर किंवा खांबावर दणका बसला आहे, आणि तो दणका दांड्यापर्यंत पोचला का ते पंखा हाताने फिरवून पाहावे.

इंधनाची टाकी आणि नळ्या यांवर पूर्वी फारसे कोणी लक्ष देत नसे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते आणि जुने रबर मऊ करते. पावसाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल तळाशी पाणी सोडते. जुन्या नळ्या बदलायच्याच, असे धरून चालावे. त्यात घासाघीस करण्यासारखे काही नाही.

पाण्यावरची चाचणी भरलेल्या होडीची घ्यावी. घेणारा, मालक आणि मिस्त्री अशी तीन माणसे, शिवाय पाण्याचे दोन-तीन ड्रम. रिकामी होडी कोणत्याही मशीनने पळते. कोलशेतवरून घोडबंदरच्या गायमुखाकडे किंवा मोठागावहून दुर्गाडीकडे सरळ पाण्याचा पट्टा निवडून पूर्ण रेस द्यायची. मोबाइलवर वेग दिसतो, पण तो एका दिशेचा धरू नये. ओढ होडीबरोबर असली, की सुस्त मशीनही तेज वाटते. जाताना आणि येताना, दोन्ही वेगांची सरासरी खरी. आरपीएम मीटर असेल, तर आकडा मशीनच्या पुस्तकात दिलेल्या पल्ल्यात पोचतो का पाहावे. न पोचण्याची कारणे तीन: मशीन थकले, पंखा चुकीचा, किंवा होडी पाणी पिऊन जड. तळ आणि कॉम्प्रेशन आधीच पाहिलेले असते, म्हणून यातले नेमके कोणते ते आता सांगता येते. बास बोटीच्या खरेदीतही हाच हिशेब करतात. तिथे मशीनच्या संगणकात किती तास कोणत्या रेसवर चालवले याची नोंद मिळते. आपल्याकडच्या साध्या मशीनमध्ये तशी वही नसते, ती कोणाला तरी अंगावरूनच वाचावी लागते. परतताना मशीन बंद करून पाच मिनिटे होडी तशीच सोडावी. आत पाणी येते का, येते तर कुठून, हे शांत होडीत कळते.

कागद शेवटी येतात, पण हलके नाहीत. मासेमारीच्या होडीची नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे होते; तिचा क्रमांक अंगावर रंगवलेला असतो आणि कागदाशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. मासेमारीचा परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली असतो आणि तो होडीबरोबर आपोआप येत नाही. प्रवासी किंवा हौशी वापराची होडी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते. अंतर्गत जलमार्गांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा नवा कायदा आला आहे. वसईची खाडी, उल्हास आणि ठाण्याची खाडी मिळून राष्ट्रीय जलमार्ग ५३ झालेला आहे, त्यामुळे इथल्या पाण्यावर ‘घरची होडी, कोण विचारतो’ हे बोलणे आता चालत नाही. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर पाणथळ. वेगाने धावणारी होडी घेणाऱ्याने आपण ती पळवणार कुठे, हे आधी ठरवावे.

सर्वांत जास्त दुखावणारा कागद म्हणजे कर्जाचा. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे किंवा बँकेचे कर्ज घेऊन बांधलेल्या होड्या अनेक आहेत. मालकाने हप्ते थकवले असले, तर बोजा होडीवरच राहतो. संस्थेत जाऊन थकबाकी नसल्याचा दाखला मागायला लाजू नये. खरा मालक तो स्वतःच आणून देतो. मशीनचा क्रमांक ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो आणि बऱ्याच कंपन्यांच्या मशीनवर तो सिलिंडरच्या अंगावरही असतो. पट्टी खरवडलेली किंवा दोन क्रमांक वेगळे असतील, तर स्वस्ताई कितीही असो, तिथून निघावे.

भाव बोलण्याची उत्तम वेळ मेच्या अखेरची. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारल्या जातात, तळ सुकतो, मालकाला दोन महिने उत्पन्न नसते आणि मिस्त्रीला वेळ असतो. नारळी पौर्णिमा जवळ आली, की सगळ्यांनाच घाई होते आणि घाईत फळीचा बोल्ट काढायला कोणी थांबत नाही. सापडलेल्या प्रत्येक दोषाचा खर्च मिस्त्रीसमोर, मालकासमोर मोजावा: फळी, सील, इम्पेलर, नळ्या. मालकाला आपण फसवतो आहोत असे वाटू नये आणि घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटू नये, इतका उघड हिशेब झाला पाहिजे. दोघांना याच बंदरावर पुढे राहायचे आहे. विसार दिला, तरी उरलेली रक्कम नोंदणी नावावर होईपर्यंत हातात ठेवावी. ताबा मिळाल्यावर मशीन आधी गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये चालवून धुवावे, गिअरचे तेल आणि इम्पेलर न विचारता बदलावेत, फळीतले सगळे बोल्ट काढून भोके सुकवून नव्याने भरावीत. पहिली फेरी भरती लागल्यावर, म्हणजे काही बिघडले तरी पाणी होडीला घराकडेच आणेल अशा वेळी, आणि सोबत वल्ही घेऊन करावी.